घरची भट्टी व प्रयोगाची रीत

केक, बिस्किटे, नानकटाई हे भाजून करावयाचे पदार्थ आपल्याकडे बाहेरून आले व ते बेकरीतच व्हावयाचे, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. पाव भाजण्याची भट्टी आपल्या महाड-पोलादपूरच्या घरांत पूर्वी नव्हती, हे कबूल. परंतु भांड्याच्या खाली मंद विस्तव व झाकणावर निखारे ठेवून मधला पदार्थ दोन्ही बाजूंच्या आचेने भाजून काढण्याची युक्ती कोकणातील गृहिणीस फार दिवसांपासून अवगत आहे. काकडीचे धोंडस याच युक्तीने होते. म्हणजे भट्टी नव्हती, तरी भट्टीचे तत्त्व घरात होतेच. आज त्याच घरांतून गॅसची शेगडी व विजेचा ओव्हन आला आहे, आणि कित्येक भगिनी वाढदिवसाचे केक व बिस्किटे घरी करून त्यावर संसारास हातभार लावीत आहेत. त्यांच्या हातचा पदार्थ एकदा उत्तम होतो व दुसऱ्या खेपेस बिघडतो, तेव्हा "आज हात लागला नाही" असे म्हणून तो विषय सोडून देण्यात येतो. वस्तुतः हाताचा दोष क्वचितच असतो. बहुधा काही तरी बदललेले असते आणि ते कोणी टिपून ठेवलेले नसते. चांगली कृती ही दैवाने सापडत नाही. बिघडलेल्या पदार्थांची कारणे शोधून ती बांधावी लागते. हे तीन परिचित पदार्थांच्या आधारे दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खालील मापांत वाटी म्हणजे २०० मिलिलिटरची व चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा समजावा.

प्रथम धोंडस घेऊ. पावसाळ्याच्या अखेरीस वेलीवर पिवळी पडलेली मोठी जून काकडी, जिला कोकणात तवसे म्हणतात, ती यास लागते. एक वाटी तांदळाचा रवा दोन मोठे चमचे तुपावर खमंग भाजून घ्यावा. दोन वाट्या काकडीचा कीस व पाऊण वाटी गूळ एकत्र उकळावा. त्यात रवा, अर्धी वाटी ओले खोबरे, चिमूटभर मीठ व वेलची घालून वाफ आणावी. नंतर जाड बुडाच्या पातेल्यास तूप लावून त्यात हे मिश्रण थापावे व वरखाली मंद विस्तव ठेवून भाजावे. ओव्हन असल्यास १८० अंश सेल्सिअसवर सुमारे पाऊण तास पुरतो. ही कृती कागदावर सोपी दिसते. पण करून पाहणाराला तीन अडचणी हटकून येतात. कधी धोंडस खिरीसारखे सैल राहते, कधी रवा आत कचकचतो, तर कधी कापताना वडी मोडते.

या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे व ते म्हणजे पाणी. तांदळात गव्हासारखा चिकट धागा नाही. त्यातील पिठूळ अंश, ज्यास स्टार्च म्हणतात, तो पाणी व उष्णता मिळाली म्हणजे फुगतो आणि निवल्यावर घट्ट बसतो. त्यानेच वडी धरून राहते. पाणी कमी पडले तर रवा कच्चा राहतो, जास्त झाले तर मिश्रण सैल पडते. आणि गरम असता कापले तर स्टार्च अजून बसलेलाच नसतो. आता काकडी ही काही मापाची वस्तू नव्हे. भर पावसातील काकडीस पाणी अधिक सुटते व उशिराच्या काकडीस कमी. म्हणून "दोन वाट्या कीस" एवढेच लिहिणे अपुरे ठरते. कीस पिळून पाणी निराळे मोजावे, आणि एका वाटी रव्यास एकंदर किती पाणी लागले ते लिहून ठेवावे. पाणी कमी भरल्यास साधे पाणी किंवा नारळाचे दूध घालता येते. इतकी एक नोंद केली की पुढील वर्षी काकडी कशीही असो, धोंडस बिघडत नाही. मात्र ते पूर्ण निवू द्यावे व मगच कापावे.

दुसरा पदार्थ नानकटाई. हिचे नाव सुरत शहराशी जोडले जाते. तेथील डच लोकांची पावभट्टी पुढे एका पारशी गृहस्थाकडे आली. डच निघून गेल्यावर पावाचे गिऱ्हाईक आटले, उरलेला वाळका पाव लोकांना आवडू लागला आणि हळूहळू ताडी व अंडी वगळून केवळ पीठ, तूप व साखर यांची ही गोड टिकली तयार झाली, अशी हकीकत सांगतात. ती तंतोतंत असो वा नसो, नसलेल्या जिनसांवाचून काम भागवताना नवा पदार्थ निघतो, हा तिचा आशय अनेक ठिकाणी अनुभवास येतो. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड नावाच्या रसायनज्ञाच्या पत्नीस अंडी व यीस्ट सोसत नसत. तिच्यासाठी त्याने १८३७ साली अंड्यावाचून होणारे कस्टर्ड व १८४३ साली यीस्टवाचून पाव फुगविणारी बेकिंग पावडर तयार केली. आज जगभर वापरात असलेली ती पावडर अशी एका घरच्या अडचणीतून निघाली.

नानकटाईचे प्रमाण वजनाने धरावे: मैदा १८० ग्रॅम, बेसन २० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, थिजलेले तूप १०० ते ११० ग्रॅम आणि खाण्याचा सोडा केवळ चिमूटभर. तूप व साखर पांढरीशुभ्र होईतो फेसावी, मग पीठ मिसळून हलक्या हाताने गोळे करावे व १७० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे भाजावे. भट्टीतून काढताना ती मऊच असते; निवल्यावर खुसखुशीत होते. ती कडक झाली नाही म्हणून अधिक भाजीत राहिल्यास खालून करपते.

येथे हवेचा संबंध येतो. महाड सखल भागात वसलेले असल्यामुळे चैत्र-वैशाखात तेथे तूप डब्यातच पातळ होते. पातळ तुपात फेसताना हवा कोंडली जात नाही, आणि गोळा आचेवर जाताच पसरून चपटा होतो. अशा वेळी कृतीत पीठ वाढविण्याचा मोह होतो. परंतु पीठ वाढविले की नानकटाई घशाला कोरडी लागते. उपाय पिठात नसून तुपात आहे. तुपाचे भांडे थंड पाण्यात ठेवून ते थिजवावे आणि केलेले गोळेही भाजण्यापूर्वी अर्धा तास थंड जागी ठेवावे. दुसरी चूक सोड्याची. सोडा वाढविला की पदार्थ अधिक हलका होतो असे वाटते. पण आंबट पदार्थाची जोड नसता नुसता सोडा तापला म्हणजे त्यातून वायू निघतो खरा, परंतु मागे धुण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार राहतो. त्याने साबणासारखी चव येते व रंगही काळपट होतो. म्हणून जेथे आंबट काही नाही तेथे सोडा चिमटीच्या पुढे जाऊ देऊ नये.

तिसरा पदार्थ आपल्या भूमीशी अधिक निकटचा आहे, तो म्हणजे नाचणीचा केक. पोलादपूरच्या डोंगरउतारांवरील वरकस जमिनीत भात होत नाही. तेथे नाचणी व वरी हीच पिके. भाकरी व आंबील यांपलीकडे नव्या पिढीला नाचणीचे अगत्य राहिलेले नाही. वास्तविक १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तांदूळ व गहू यांच्या कित्येक पट. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. पण गौरवाचे वर्ष उलटून जाते; धान्य टिकते ते मुलांच्या डब्यात गेले तरच. म्हणून नाचणीचा केक चांगला होणे ही केवळ जिभेची बाब नव्हे.

मैद्याच्या कृतीत मैद्याऐवजी सगळी नाचणी घातली, तर केक फुगून तडकतो आणि हातात घेताच भुगा होतो. गव्हाच्या पिठात पाणी मिसळताच ग्लूटेन नावाचा ताणला जाणारा धागा तयार होतो व तो वायूचे बुडबुडे धरून ठेवतो. नाचणीत तो मुळीच नाही. तेव्हा पहिला बदल असा की अर्धी नाचणी व अर्धे गव्हाचे पीठ घ्यावे. एवढ्याने केक उभा राहतो, पण दाताखाली किंचित कचकच राहते. दुसरा बदल असा की नाचणीचे पीठ दह्यात कालवून अर्धा तास भिजू द्यावे. त्याने कचकच जाते. तिसरा बदल गुळाचा. तापलेल्या दुधात गूळ घातला तर दूध नासण्याचा संभव असतो. म्हणून गूळ दह्यातच विरघळवावा. दह्याच्या आंबटपणामुळे सोड्याचे कामही पुरे होते आणि मागे क्षार उरत नाही.

या बदलांनंतर ठरलेले प्रमाण असे: नाचणीचे पीठ १ वाटी, गव्हाचे पीठ १ वाटी, किसलेला गूळ पाऊण ते एक वाटी, दही १ वाटी, तेल अर्धी वाटी, दूध लागेल तसे सुमारे अर्धी वाटी, सोडा अर्धा चमचा, बेकिंग पावडर १ चमचा, चिमूटभर मीठ व थोडे जायफळ. सोडा व बेकिंग पावडर गव्हाच्या पिठात चाळून ती अगदी शेवटी मिसळावी आणि मिश्रण लगेच तापलेल्या भट्टीत ठेवावे, कारण दही व सोडा एकत्र येताच वायू निघू लागतो व वेळ गेल्यास तो उडून जातो. १८० अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटे लागतात. मध्यभागी खुपसलेली सुई कोरडी निघाली म्हणजे केक झाला. ओव्हन नसेल तर मोठ्या पातेल्यात मिठाचा किंवा वाळूचा थर तापवून त्यावर तिवई व तिवईवर केकचे भांडे ठेवावे. आचेचा अंदाज घेण्यास चिमूटभर पीठ ताटलीत घालून आत ठेवावे. ते हळूहळू बदामी झाले तर आच योग्य, लागलीच काळे पडले तर प्रखर.

हीच कृती घेऊन कोणी आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरास गेला, तर केक भराभर वर येऊन मध्ये खचण्याचा संभव असतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते आणि कोंडलेला वायू अधिक फुगतो. सोडा थोडा कमी व दूध थोडे जास्त केले की केक पुन्हा जमतो. उलटपक्षी आपल्या खोऱ्यात आषाढ-श्रावणातील दमट हवेने पीठच ओलसर होते व भाजलेली बिस्किटे उघडी राहिल्यास मऊ पडतात. ती मंद भट्टीत दहा मिनिटे पुन्हा ठेवून, पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. गरम भरल्यास त्यांचीच वाफ त्यांस ओले करते. यावरून दिसून येईल की कृती ही स्थळ, काळ व हवा यांवाचून पुरी होत नाही.

आता प्रयोगाचे नियम थोडक्यात सांगतो. पहिला, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तूप, सोडा व आच ही तिन्ही एकदम बदलली, तर पदार्थ सुधारला तरी कशाने सुधारला हे कळत नाही. दुसरा, प्रयोग लहान करावा. तूप महाग आहे; पाव प्रमाणाची सहा नानकटाया बिघडल्या तर घराचे नुकसान होत नाही. तिसरा, जे बिघडले तेही लिहावे. "तूप पातळ, पसरली, तूप थिजवले, आकार राहिला, सोडा कमी केला, चव सुधारली" अशा तीन ओळींची नोंद पानभर वर्णनाहून मोलाची असते. चौथा, तीन वेळा तोच परिणाम आल्यावाचून कृती पक्की मानू नये.

माप ठरविण्याचे महत्त्व पाकशास्त्रात तसे उशिराच पटले. अमेरिकेत बोस्टन येथील फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात सपाट भरलेल्या कपाचा व चमच्याचा आग्रह धरला. मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली निघाले. आणि १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे नेमके माप घरोघर नेले. तरीही आपल्या खोऱ्यातील कित्येक पदार्थ कोणत्याच पुस्तकात नाहीत. ते आजीच्या हातात आहेत, आणि "अंदाजाने घाल" या दोन शब्दांपलीकडे त्यांची नोंद नाही. आजीबरोबर तो अंदाजही जातो. लिहिलेलेही सुरक्षित असतेच असे नाही. २०२१ च्या जुलै महिन्यात पुराचे पाणी महाड शहरात शिरले, तेव्हा भांडीकुंडी पुन्हा घेता आली. भिजून गेलेला कागद मात्र बाजारात मिळत नाही.

यासाठी विद्यार्थी व विद्यार्थिनींस एक काम सुचवावेसे वाटते. येत्या सुट्टीत घरातील वडील माणसांजवळ वाटी, चमचा व वही घेऊन बसावे. आजी मुठीने पीठ घेईल, ती मूठ वाटीत मोजावी. ती "जरा वेळ" म्हणेल, तो वेळ घड्याळात पाहावा. पदार्थ बिघडला तर तो का बिघडला हे तिलाच विचारावे, कारण तिने तो पूर्वी अनेकदा बिघडविलेला व सुधारलेला असतो. त्या वहीची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. प्रयोगशाळेत नळी व तराजू हाती घेऊन जी शिस्त आपण शिकतो, तीच चुलीपुढे चालविली तर एका गावाची चव पुढील पिढीच्या हाती सुखरूप जाईल.