ऊर्जाकार्यक्षम वास्तुरचना आणि स्थानिक हवामान : हरारे येथील ईस्टगेट संकुल

प्रस्तावना :
आधुनिक कार्यालयीन इमारत म्हटली की काचेच्या भिंती, बंद खिडक्या आणि अखंड चालणारे वातानुकूलन असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. उष्ण कटिबंधात असा आराखडा जसाच्या तसा स्वीकारला, तर काचेतून आत आलेली उष्णता बाहेर काढण्यातच पुष्कळ वीज खर्ची पडते. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे १९९६ साली सुरू झालेल्या 'ईस्टगेट सेंटर' या संकुलाने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. त्या संकुलाची कार्यपद्धती स्पष्ट करणे आणि त्याविषयीची एक सर्वपरिचित समजूत तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकुलाचे स्वरूप :
वास्तुविशारद मिक पिअर्स आणि अरूप या अभियांत्रिकी संस्थेने हे संकुल साकारले. समांतर उभ्या असलेल्या दोन नऊमजली इमारती व त्यांच्यामधील काचेच्या छताचे प्रांगण, अशी त्याची मांडणी आहे. खालच्या दोन मजल्यांवर दुकाने व वरच्या सात मजल्यांवर कार्यालये आहेत. वातानुकूलनाची यंत्रे आयात करावयाची म्हणजे परकीय चलन खर्च करणे आले आणि पुढे दुरुस्तीसाठीही परावलंबन आले. म्हणून त्या यंत्रांवाचून इमारत सुसह्य ठेवणे ही केवळ पर्यावरणीय नव्हे, तर आर्थिक गरजही होती.

कार्यपद्धती :
दगड, वीट व काँक्रीट हे पदार्थ उष्णता सावकाश शोषून घेतात आणि सावकाश सोडतात. ईस्टगेटची रचना याच गुणधर्मावर आधारलेली आहे. रात्री मोठे पंखे बाहेरील थंड हवा आत ओढतात. ती इमारतीच्या मध्यभागातील उभ्या मार्गांनी वर चढते आणि प्रत्येक मजल्याच्या पोकळ जमिनीतून फिरते. या पोकळीत काँक्रीटचे दाते काढलेले असल्यामुळे हवेचा स्पर्श अधिक पृष्ठभागास होतो व संपूर्ण वस्तुमान थंड होते. दिवसा लहान पंख्यांनी खेळवलेली हवा याच थंड काँक्रीटवरून येऊन कार्यालयांत जमिनीलगत प्रवेश करते. माणसे, दिवे व संगणक यांमुळे तापलेली हवा छताकडे चढते आणि गच्चीवरील ४८ धुराड्यांवाटे बाहेर पडते. खिडक्यांचे क्षेत्र मर्यादित ठेवून, पुढे आलेल्या काँक्रीटच्या छज्जांनी भिंतींवर सावली धरली आहे. हरारेतील पूर्ण वातानुकूलित अशा सहा इमारतींच्या सरासरीशी तुलना केली असता, ईस्टगेटचा एकूण ऊर्जावापर सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळला.

वारुळाचे रूपक :
ही रचना वाळवीच्या वारुळावरून सुचली, हे सर्वश्रुत आहे. वारुळात तापलेली हवा वर चढून शिखराकडे जाते व त्यातून आतील तापमान नियंत्रित होते, ही कल्पना मार्टिन लूशर यांच्या १९६१ मधील लेखामुळे रूढ झाली होती. परंतु स्कॉट टर्नर व रूपर्ट सोअर यांनी २००८ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, वारुळातील घरट्याचे तापमान मुख्यत्वे भोवतालच्या जमिनीच्या तापमानाबरोबर बदलते. वारुळाचा उंच भाग फुप्फुसासारखा वायूंच्या देवाणघेवाणीस उपयोगी पडतो. म्हणजेच प्रेरणा अपुऱ्या आकलनावर आधारलेली होती, तरी इमारत यशस्वी ठरली. हा विरोधाभास वरवरचा आहे. इमारतीचे यश वारुळाशी असलेल्या साम्यात नसून हरारेच्या हवामानात आहे. सुमारे १,५०० मीटर उंचीवरील या शहरात दिवसा ऊन असले तरी रात्री हवा चांगलीच थंडावते. साठवण्याजोगा गारवा तेथे निसर्गच पुरवतो.

मर्यादा व स्थानिक संदर्भ :
विषुववृत्तापासून हरारे जेवढे दक्षिणेस आहे, जवळजवळ तेवढेच सोलापूर उत्तरेस आहे. तथापि सोलापूरची उंची हरारेच्या सुमारे एक-तृतीयांश आहे. मे महिन्यात तेथील दिवसाचे तापमान ४० अंशांपुढे जाते आणि रात्रीची हवाही हरारेइतकी थंड नसते. मुंबईत तर दमट हवेमुळे दिवस व रात्र यांच्या तापमानातील अंतर आणखी कमी होते. त्यामुळे धुराडी उभारल्याने कोठेही ईस्टगेट निर्माण होत नाही. सावली, मर्यादित काच व जड बांधकाम ही तत्त्वे सोलापुरात उपयुक्त ठरतील, परंतु केवळ रात्रीच्या हवेवर वर्षभर विसंबता येणार नाही. भारताच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने २००७ सालीच देशाचे पाच हवामान विभाग मानले होते, त्यामागील तर्कही हाच आहे.

निष्कर्ष :
१. ईस्टगेटमधील ऊर्जाबचत ही वस्तुमान, सावली व रात्रीचे वायुवीजन यांच्या एकत्रित योजनेचे फलित आहे.
२. निसर्गातील उदाहरण प्रेरणा देऊ शकते, मात्र रचनेचे समर्थन मोजमापांनीच व्हावयास हवे.
३. विद्यार्थ्यांपुढे ही इमारत 'वारुळाची नक्कल' म्हणून ठेवल्यास ते तिचा आकार लक्षात ठेवतील, पण कारण विसरतील. आपल्या गावाचे दिवसाचे व रात्रीचे तापमान प्रथम नोंदवावे आणि मगच आराखड्याकडे वळावे, हाच या इमारतीचा खरा धडा होय.