नाणेघाटाच्या भिंतीवरचा हिशेब

सकाळच्या एसटीने जुन्नर गाठायचं, तिथून घाटघरची गाडी धरायची आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं. सुटीच्या एका दिवसात नाणेघाट सहज होतो. सोपारा-कल्याणची बंदरं, घाटमाथ्यावर जुन्नर, पुढे पैठण आणि तेर, हा जुना व्यापारी मार्ग वाचकांना माहीत आहेच. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण, नानाचा अंगठा, शेजारचा जीवधन किल्ला आणि पावसाळ्यात वाऱ्याने उलटा फिरणारा धबधबा यांचे फोटोही घरोघरी आहेत. माझा जीव मात्र कित्येक वर्षं घाटाच्या तोंडाशी कोरलेल्या लेण्यात अडकला आहे. लोक तिथे सावलीला बसतात, डबे उघडतात आणि ज्या भिंतीला पाठ टेकतात तिच्याकडे वळून पाहत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. मूर्तींच्या वर कोरलेली नावं मात्र टिकली: राजा सिमुक, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भायल, एक महारठी, आणखी कुमार. नायनिका म्हणजे आपण जिला नागणिका म्हणतो ती. बाजूच्या दोन भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा प्राकृत लेख आहे. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन करून तो सुरू होतो. मग येते एक राणी. महारठीची मुलगी, राजाची पत्नी, कुमारांची आई. महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखं जगणारी. तिच्या व्रतस्थ राहणीचं हे वर्णन वाचून बहुतेक अभ्यासक तिला विधवा मानतात, आणि मलाही ते पटतं. त्यापुढे यज्ञांमागून यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, गावं, रुप्याची भांडी, कार्षापण नाणी. सगळं आकड्यांत.

हे आकडे एकदा जवळून पाहावेत. एका यज्ञाच्या दक्षिणेत 24400 कार्षापण आहेत, लगेच पुढे 6001. शून्य नाही, आकड्याला जागेवरून मिळणारी किंमत नाही. वीस हजारांची एक खूण, चार हजारांची दुसरी, चारशेंची तिसरी, अशी बेरीज करत वाचायचं. चार हजारांची खूण म्हणजे हजाराच्या चिन्हाला जोडलेला चार. 6001 मधला शेवटचा एक म्हणजे नुसती आडवी रेघ. दगडावर एवढी काटेकोर नोंद करून घेणाऱ्या बाईचा दरारा कसा असेल!

ही चिन्हं आपल्याला वाचता येतात, त्याचं मोठं श्रेय भगवानलाल इंद्रजी यांना आहे. 1839 साली जुनागढला जन्मलेला हा मुलगा गिरनारच्या शिलालेखाने झपाटला. प्रिन्सेपने लावलेली ब्राह्मी अक्षरं फोर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्याकडून त्याच्या हाती आली आणि तो आपला आपणच वाचायला शिकला. फोर्ब्सच्याच शिफारशीने तो मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आला. भाऊ दाजींनी स्वतः लेण्यांतल्या अंकांवर लिहिलं होतं. लेण्यालेण्यांत जाऊन ठसे घेण्याचं काम त्यांनी या तरुणावर सोपवलं. 1874 मध्ये भाऊ दाजी गेले, आधार तुटला, तरी भगवानलाल थांबले नाहीत. 1876 मध्ये नाणेघाटातल्या अंकांवरचा त्यांचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आला. सोपाऱ्याचा स्तूप त्यांनीच 1882 मध्ये खणला. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

त्यांचं इंग्रजी बेताचं होतं. ते गुजरातीत लिहीत आणि इंग्रजी दुसरे करत; त्यांच्या नेपाळच्या शिलालेखांचा अनुवाद ब्यूलर या जर्मन पंडिताने केला. नाणेघाटाचा लेख 1883 मध्ये ब्यूलरने संपादित केला आणि पुढच्या पुस्तकांत त्याचंच नाव ठळक झालं. ब्यूलर थोर होता, भगवानलालांबद्दल त्याला आदरही होता. त्यांच्या निधनानंतर 1888 मध्ये मृत्युलेख त्यानेच लिहिला. पण सह्याद्रीतल्या लेण्यांत अंगमेहनतीने ठसे घेणाऱ्या माणसाचं नाव आपल्या शाळेतल्या मुलांना माहीत नसावं, हे मला मान्य नाही.

लेखाच्या काळाबद्दल वाद आहेच. अक्षरवळणावरून कुणी इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक धरतं, कुणी पहिलं. माझा कल पहिल्या शतकाकडे आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मोठ्या लेखात राणीच्या नावाची जागाच झिजली आहे. ती नागणिका, हे आपण मागच्या भिंतीवर सातकर्णीच्या जोडीने कोरलेल्या नावावरून म्हणतो. मूर्ती गेल्या तशी ती नावंही झिजली असती, तर हा सगळा दानधर्म कुणाचा हे सांगता आलं नसतं. म्हणून घाटघरची गाडी धरणाऱ्यांना माझी विनंती आहे: रांजण पाहा, पण लेण्याच्या तिन्ही भिंती एकत्र वाचा, आणि मागच्या भिंतीला टेकून बसू नका.