एका सुताचा आटा

पुण्याच्या आसपास इंजिनदुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या एखाद्या जुन्या वर्कशॉपात गेले, तर कामाच्या मेजाच्या कोपऱ्यात, तेलाने काळवंडलेल्या पत्र्याच्या डब्यात, अंगठ्याच्या पेराएवढे पितळी सेन्सर एकमेकांत मिसळून पडलेले आढळतात. त्यांतला कोणी तेलाचा दाब सांगणारा असतो, कोणी पाण्याचे तापमान सांगणारा, आणि बुडाशी असलेल्या आट्यांचे रूप तर इतके सारखे असते की नवख्या नजरेस त्यांत काडीचाही भेद दिसू नये. परंतु हे आटे एका कुळातले नव्हेत. आणि कोणता आटा कोणत्या छिद्रासाठी घडला आहे हे न ओळखता जो पाना लावतो, त्याच्या हातून सेन्सर तर जातोच, पण पुष्कळदा इंजिनाचे ओतीव अंगही कायमचे नासते.

हा घोळ कोणाच्या गैरशिस्तीतून उत्पन्न झालेला नाही. त्याच्या मुळाशी आपापल्या परीने निर्दोष असलेल्या दोन व्यवस्था आहेत. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ याने लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढे एकविध आट्यांचा प्रस्ताव मांडला. त्यासाठी त्याने निरनिराळ्या इंग्रजी कारखान्यांतून स्क्रू गोळा केले होते, त्यांच्या मापांची सरासरी काढली होती, आणि आट्याच्या दोन उतारांमधला कोन ५५ अंशांचा मुक्रर करून माथा व तळ दोन्ही गोलसर ठेवले होते. पुढे १८६४ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्स याने ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा पुरस्कारिला, कारण तो कोन आखावयास आणि पडताळावयास सोपा व सपाट माथा साध्या हत्याराने उतरणारा. आणि त्याच शहरातील रॉबर्ट ब्रिग्ज या अभियंत्याने नळांच्या निमुळत्या आट्यांची जी परिमाणे बसवली, ती १८८६ च्या सुमारास अमेरिकन कारखानदारांनी प्रमाण मानली. पहिल्या घराण्यातील निमुळत्या आट्यास आज बीएसपीटी म्हणतात, दुसऱ्यातील आट्यास एनपीटी. आपल्याकडे नळ आणि पंप इंग्रजी अमदानीतून आले, त्यांबरोबर व्हिटवर्थचा कोन आला, आणि आयएस ५५४ या भारतीय मानकात तो आजही कायम आहे. १९५४ साली टाटांनी डायम्लर-बेन्झशी करार केला, त्याबरोबर जर्मन मिलिमीटरी आटे आले. १९६२ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सने अमेरिकन रचनेची इंजिने पुण्यात आणली. आणि जपानी इंजिने आली तेव्हा, तो देश मिलिमीटरचा असूनही, तेलाच्या दाबाच्या स्विचाला बहुधा इंग्रजी आटाच असल्याचे दिसून आले. चार राष्ट्रांची ही वहिवाट अखेर एकाच फिटरच्या हाती येऊन पडली.

या सेन्सरांत सर्वांत रूढ माप इंचाच्या अष्टमांशाचे, म्हणजे आपल्या कारागिरांच्या भाषेत एका सुताचे. गंमत अशी नव्हे, तर अडचण अशी, की या आट्याच्या अंगावर एक सूत भरेल असे कोणतेच माप सापडत नाही. बाहेरचा व्यास तीन सुतांहून अधिक भरतो. ‘एक सूत’ हे ज्या नळावर हा आटा प्रथम पाडला गेला, त्याच्या पोकळीचे नाममात्र माप होय. म्हणून व्हर्नियर लावून तीन सूत आले, तर तो तीन सुतांचा पाइप-आटा असे अनुमान करणारा माणूस पहिल्याच पायरीवर चुकतो.

ओळखीचा खरा क्रम असा. प्रथम आट्याच्या दोन्ही टोकांशी व्यास मोजावा. पाइपचा निमुळता आटा दर १६ भागांत १ भाग जाड होत जातो, म्हणजे ८ मिलिमीटर लांबीत अर्धा मिलिमीटर. व्यास दोन्हीकडे सारखा भरला, तर तो आटा समांतर, आणि असा आटा स्वतः गळती रोखत नसून त्याखालचा तांब्याचा वॉशर ती रोखतो. एका सुताच्या मापात जाड टोकाशी १०.३ मिलिमीटरच्या आसपास भरले तर एनपीटी, ९.७ ते ९.९ भरले तर बीएसपीटी, आणि सर्वत्र दहाला किंचित कमी भरले तर तो बहुधा जर्मन वळणाचा एम १० बाय १. त्यानंतर पिच गेजची पाती लावावीत; परंतु येथे सावधगिरी हवी, कारण एनपीटीला इंचात २७ आटे आणि बीएसपीटीला २८, म्हणजे दोन आट्यांतील अंतर एकात ०.९४ मिलिमीटर तर दुसऱ्यात ०.९१, आणि सेन्सरवर आटे असतात सात-आठच. एवढ्याशा लांबीत दोन्ही पाती बसल्यासारखी वाटतात. पाते उजेडासमोर धरून फट पाहिल्याखेरीज त्याची साक्ष ग्राह्य धरू नये. व्यासाची साक्ष अधिक भरवशाची. छिद्राच्या बाबतीत तर व्हर्नियरही आत शिरत नाही. म्हणून जाणते कारागीर प्रत्येक आट्याचा एकेक खात्रीचा नमुना जवळ बाळगतात आणि तो केवळ बोटांनी फिरवून पाहतात.

चार सुतांच्या, म्हणजे अर्ध्या इंचाच्या मापात तर दोन्ही घराण्यांना इंचात १४ आटेच आहेत आणि व्यासही फारसा निराळा नाही. तेथे इंग्रजी सेन्सर अमेरिकन छिद्रात सुखाने बसतो, आवळलाही जातो. परंतु ५५ आणि ६० अंशांच्या उतारांमध्ये उरलेल्या नागमोडी फटीतून, इंजिन तापले की पाणी झिरपू लागते. कितीही सफेदा-ताग किंवा टेफ्लॉन गुंडाळले तरी ही फट मुळातून बुजत नाही.

आता नवे छिद्र पाडण्याविषयी. एका सुताच्या एनपीटीसाठी साधारण ८.७ मिलिमीटरचे ड्रिल घेतात, एम १० बाय १ साठी ९ मिलिमीटरचे. बीड कोरडेच कापावे. अॅल्युमिनियमला रॉकेलचा हात द्यावा, नाहीतर धातू टॅपच्या दातांना चिकटून आटे फाडतो. पण या कामातील सारे मर्म थांबण्यात आहे. साध्या टॅपने छिद्राच्या तळापर्यंत गेले तरी बिघडत नाही; निमुळता टॅप मात्र जितका खोल जाईल तितके तोंड रुंद करीत जातो, आणि एकेक फेरा ०.०६ मिलिमीटरची भर घालतो. म्हणून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असे करीत, मधूनमधून टॅप काढून, कीस पुसून, प्रत्यक्ष सेन्सरच लावून पाहावा लागतो. तो हाताने सुमारे चार फेरे जावा आणि पान्याने आणखी दोन-तीन, इतके साधले की हात आवरावा. टॅपच्या खाचांत ग्रीस भरल्यास कीस तीत अडकून राहतो. तरीही चालू इंजिनाच्या तेलमार्गावर नवे छिद्र पाडू नये असेच माझे स्पष्ट मत आहे, कारण तेथे सुटलेला एक कण थेट बेअरिंगपर्यंत जातो. जुन्या स्विचाच्या जागी टी जोडून काम भागवणे केव्हाही श्रेयस्कर. दाबाचा सेन्सर वजनदार असेल, तर मात्र तो टीवर लोंबकळत ठेवण्यापेक्षा होज घेऊन वेगळ्या पत्र्यावर बसवावा, एरवी कंपनांनी पितळ मोडते.

आटा हा येथे केवळ पाचर नसून वीजवाहकही असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. एका तारेच्या सेन्सरचा परतीचा मार्ग त्याच्या आट्यांतूनच इंजिनाच्या अंगात जातो. युरोपीय पद्धतीचा दाबाचा सेन्सर शून्य दाबाला १० ओहम व पूर्ण दाबाला १८४ ओहम रोध दाखवतो, रूढ अमेरिकन पद्धतीचा २४० पासून ३३ पर्यंत उलट उतरतो. यांत टेफ्लॉनच्या जाड वेटोळ्यांनी चार-दोन ओहमची भर घातली, तर काटा तितक्या प्रमाणात खोटे बोलतो. होजवर बसवलेल्या सेन्सरला याच कारणास्तव अर्थिंगची स्वतंत्र तार द्यावी लागते.

उमेदवारीच्या काळात गावाकडच्या मळ्यावरील डिझेल पंपाला मी एक तापमानाचा सेन्सर बसवला होता. दुकानदाराने पुडीवर ‘एक सूत’ एवढेच लिहिले होते. छिद्र बीएसपीटीचे, सेन्सर एनपीटीचा. तो एक-दोन फेरे गेला आणि अडला, मी पाना लावला, आणि थर्मोस्टॅटच्या बिडाच्या घराला केसाएवढी चीर गेली. ऐन उसाच्या पाण्याच्या पाळीत तो पंप दुसरे घर मिळेपर्यंत बंद राहिला, आणि मळ्याच्या धन्याने मला शब्दानेही बोल लावला नाही, याचे मला अद्याप वाईट वाटते.

तेव्हापासून माझ्या हातून जे छिद्र पडले, त्याच्याशेजारी मी पंचाने ‘एनपीटी २७’ किंवा ‘बीएसपीटी २८’ अशी अक्षरे ठोकून ठेवीत आलो आहे. ज्या कारागीर वाचकांपाशी अक्षरपंचांचा संच आहे, त्यांनी आपल्या हातच्या प्रत्येक छिद्राशी एवढी नोंद अवश्य ठेवावी. ज्यांच्यापाशी नाही, त्यांनी रंगाने लिहावी.