ई-मेलचा अतिभार

ई-मेलचा अतिभार म्हणजे एखाद्या व्यक्तीकडे येणाऱ्या ई-मेलची (विपत्रांची) संख्या, किंवा त्यांतून निर्माण होणारे काम, त्या व्यक्तीच्या वाचण्याच्या, उत्तर देण्याच्या आणि लावून ठेवण्याच्या क्षमतेपलीकडे जाण्याची स्थिती होय. अशा स्थितीत महत्त्वाचे संदेश नजरेतून सुटतात, उत्तरे लांबतात आणि कामातील एकाग्रता वारंवार भंग पावते. मुलाखतीचे बोलावणे, प्रवेशाची अंतिम मुदत किंवा बँकेची सूचना जाहिरातींच्या गर्दीत हरवली, तर होणारे नुकसान प्रत्यक्ष असते.

हा प्रश्न जवळपास ई-मेलइतकाच जुना आहे. कोणीही, कोणालाही, पूर्वपरवानगीशिवाय आणि जवळजवळ विनामूल्य लिहू शकतो, या गुणामुळे ई-मेल जगभर पसरला. अतिभाराचे मूळही याच गुणात आहे. म्हणून त्यावरील बहुतेक उपाय ई-मेल बंद करण्याऐवजी त्याच्या वापराला शिस्त लावण्याचे आहेत.

संज्ञा

ही संज्ञा अभ्यासकांमध्ये रूढ होण्यास स्टीव्ह व्हिटकर आणि कँडेस सिडनर यांचा १९९६ सालचा शोधनिबंध मुख्यतः कारणीभूत ठरला. त्यांच्या मांडणीत अतिभाराचा अर्थ केवळ संदेशांची मोठी संख्या असा नव्हता. संदेशवहनासाठी तयार झालेल्या एका साधनावर इतर अनेक कामांचा भार पडला आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. लोक इनबॉक्सचा उपयोग करावयाच्या कामांची यादी म्हणून, जुन्या कागदपत्रांचे दफ्तर म्हणून आणि पत्रव्यवहाराची जागा म्हणून एकाच वेळी करतात. त्यामुळे वाचून झालेला संदेशही तेथून हलवता येत नाही. तो हलवला तर त्यातील काम विसरले जाईल, अशी भीती असते.

या अभ्यासात वापरकर्त्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत: संदेश कप्प्यांत न लावणारे, रोजच्या रोज लावणारे आणि अधूनमधून एकदम आवराआवर करणारे. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, मायक्रोसॉफ्ट या कंपनीतील संशोधकांनी याच विषयाचा पुन्हा अभ्यास केला. लोकांच्या इनबॉक्समधील संदेशांची संख्या साधारणपणे पूर्वीइतकीच राहिली असली, तरी साठवून ठेवलेल्या जुन्या संदेशांचा साठा सुमारे दहापट वाढल्याचे त्यांना आढळले.

इतिहास

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६५ च्या सुमारास एकाच संगणकाच्या वापरकर्त्यांना परस्परांसाठी संदेश ठेवण्याची सोय झाली. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट या जाळ्यावरून एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवला आणि वापरकर्त्याचे नाव व संगणकाचे नाव यांमध्ये @ हे चिन्ह वापरण्याची पद्धत सुरू केली.

पुढच्याच वर्षी आवराआवरीचा प्रश्न उभा राहिला. त्या काळी आलेले सर्व संदेश एका लांबलचक मजकुरात एकाखाली एक साठत आणि त्याच क्रमाने वाचावे लागत. अर्पानेटला निधी पुरवणाऱ्या अर्पा या संस्थेचे संचालक स्टीव्हन लुकासिक यांनी याबद्दल तक्रार केल्यावर त्यांचे सहकारी लॅरी रॉबर्ट्स यांनी १९७२ मध्ये ‘आरडी’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यात संदेशांची यादी पाहून हवा तो उघडण्याची, साठवण्याची किंवा पुसण्याची सोय होती. १९७५ मध्ये जॉन व्हिट्टल यांच्या ‘एमएसजी’ या प्रोग्रॅमने आलेल्या संदेशाला थेट उत्तर देण्याची सोय आणली. त्यामुळे ई-मेलमधील संवाद सोपा झाला आणि संदेशांची संख्याही वाढली. १९७३ मधील एका पाहणीनुसार अर्पानेटवरील सुमारे तीन चतुर्थांश वाहतूक ई-मेलचीच होती.

नको असलेल्या संदेशांच्या प्रश्नावर जॉन पोस्टेल यांनी १९७५ मध्ये एक तांत्रिक टिपण लिहिले. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या विपणन विभागातील गॅरी थुर्क यांनी अर्पानेटच्या सुमारे चारशे वापरकर्त्यांना संगणकाची जाहिरात पाठवली. ती पहिली स्पॅम मानली जाते. मार्च १९८२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी इलेक्ट्रॉनिक टपालातील कचऱ्याविषयी लेख लिहून संदेश तयार करण्याइतकेच ते स्वीकारण्याच्या व्यवस्थेकडे लक्ष देण्याची गरज मांडली. त्याच वर्षी संदेशवहनाचा एसएमटीपी हा नियमसंच प्रसिद्ध झाला. सुधारित रूपात तो आजही वापरात आहे.

४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी हॉटमेल ही सेवा सुरू केली. ब्राउझरमधून चालणाऱ्या अशा मोफत सेवांमुळे ई-मेल सामान्य माणसापर्यंत पोहोचला. १ एप्रिल २००४ रोजी आलेल्या जीमेलने एक गिगाबाइट साठवण देऊ केली. ती त्या काळी असाधारण होती. जागेअभावी जुने संदेश पुसण्याची गरज तिच्यामुळे संपली, आणि निवड करून पुसण्याची सवयही मागे पडली.

भारतात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अर्नेट या शैक्षणिक जाळ्यातून ई-मेलचा आरंभ झाला. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटी मुंबई यांच्यातील दूरध्वनी तारेवरून चालणारी देवाणघेवाण हा त्यातील सुरुवातीचा टप्पा होता. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सर्वांसाठी खुली केल्यानंतर ई-मेल संशोधनसंस्थांबाहेर पसरला.

कारणे

खर्चाची विषम वाटणी. टपालाने पत्र पाठवताना लिहिणाऱ्याला कागद, तिकीट आणि श्रम खर्च करावे लागत. ई-मेलमध्ये एक प्रत पाठवणे आणि हजार प्रती पाठवणे यांतील फरक पाठवणाऱ्याला फारसा जाणवत नाही. वाचण्याचा वेळ मात्र प्रत्येक प्राप्तकर्त्याला स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

प्रतींचा प्रसार. ‘प्रत माहितीसाठी’ ही कागदी कार्यालयीन व्यवहारातील जुनी पद्धत ई-मेलमध्ये ‘सीसी’च्या रूपाने आली. कागदावर प्रत काढण्याचे कष्ट होते, म्हणून ती मोजक्यांनाच जाई. ई-मेलमध्ये ती मर्यादा राहिली नाही. ‘सर्वांना उत्तर’ या सोयीमुळे दोघांपुरता विषय पूर्ण विभागाच्या इनबॉक्समध्ये फिरतो. पुष्कळदा अशी प्रत माहिती देण्यापेक्षा आपण कळवले होते, याचा पुरावा राहावा म्हणून पाठवली जाते.

वर्गवारीचा अभाव. कार्यालयात आलेल्या टपालाची बारनिशीत नोंद होऊन ते संबंधित टेबलाकडे जात असे. म्हणजे निवड करण्याचे काम एका स्वतंत्र कर्मचाऱ्याकडे होते. ई-मेलने प्रत्येकाला स्वतःचा आवक लिपिक बनवले. वरिष्ठांचा आदेश, दुकानाची सवलत, वीजबिल आणि मित्राचे पत्र एकाच यादीत, केवळ वेळेच्या क्रमाने येतात.

यंत्राने पाठवलेले संदेश. खरेदीच्या पावत्या, परवलीचे शब्द, समाजमाध्यमांच्या सूचना आणि वार्तापत्रे यांमागे लिहिणारी व्यक्ती नसते. त्यामुळे त्यांच्या संख्येला मानवी श्रमाची मर्यादा राहत नाही.

परिणाम

ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठाचे थॉमस जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी एका कंपनीतील कर्मचाऱ्यांचे निरीक्षण केले. त्यात सुमारे ७० टक्के ई-मेलकडे कर्मचारी सहा सेकंदांच्या आत वळत असल्याचे आणि व्यत्ययानंतर मूळ कामाची लय पुन्हा सापडण्यास सरासरी ६४ सेकंद लागत असल्याचे दिसले. ई-मेल हे सवडीने उत्तर देण्याचे साधन असले, तरी प्रत्यक्षात ते दूरध्वनीच्या घंटीसारखे वापरले जात होते.

ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका संस्थेतील १३ कर्मचाऱ्यांचा ई-मेल पाच दिवस बंद ठेवण्यात आला. या काळात ते एका कामावर अधिक वेळ टिकून राहिले आणि हृदयाच्या ठोक्यांच्या मापनानुसार त्यांच्यावरील ताणही कमी झाला. गट लहान असल्याने हे निष्कर्ष सर्वत्र लागू करण्यास मर्यादा आहेत. कोस्टाडिन कुशलेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२४ प्रौढांनी एक आठवडा दिवसातून तीनदाच ई-मेल पाहिला आणि एक आठवडा हवा तेव्हा पाहिला. मर्यादित वापराच्या आठवड्यात त्यांनी कमी ताण नोंदवला.

अतिभाराचा संबंध सुरक्षिततेशीही आहे. घाईने यादी संपवणारा वाचक पाठवणाऱ्याचा पत्ता नीट पाहत नाही. बँकेच्या किंवा वरिष्ठांच्या नावाने येणारे बनावट संदेश याच घाईचा फायदा घेतात.

व्यवस्थापनाच्या पद्धती

वैयक्तिक शिस्त

दिवसातील ठरावीक वेळीच ई-मेल पाहणे आणि नव्या संदेशाची सूचना बंद ठेवणे हा सर्वांत साधा उपाय होय. डेव्हिड ॲलन यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकातून लोकप्रिय केलेल्या नियमानुसार दोन मिनिटांत होणारे काम लगेच उरकावे. उरलेले स्वतंत्र कामांच्या यादीत नोंदवावे. इनबॉक्स आणि कामांची यादी वेगळी केल्याने व्हिटकर व सिडनर यांनी दाखवलेली मूळ अडचण काही अंशी सुटते.

मर्लिन मान यांनी मांडलेली ‘इनबॉक्स झिरो’ ही कल्पना २००७ नंतर विशेष प्रसिद्ध झाली. संदेशांची संख्या शून्यावर आणणे असा तिचा अर्थ अनेकदा घेतला जातो. मान यांचा भर मात्र इनबॉक्समध्ये गुंतून राहणारे लक्ष कमी करण्यावर होता.

जुने संदेश कप्प्यांत लावावेत की नाही, याविषयी व्हिटकर यांच्यासह काही संशोधकांनी २०११ मध्ये ३४५ वापरकर्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कप्पे काळजीपूर्वक लावणाऱ्यांना जुना संदेश शोधण्यात विशेष लाभ झाला नाही. शब्द टाकून शोधणे अधिक परिणामकारक ठरले.

याहून टोकाचे मार्गही अवलंबले गेले आहेत. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १ जानेवारी १९९० पासून ई-मेल वापरणे सोडले आणि टपालाने येणाऱ्या पत्रांवर भर दिला. विधिज्ञ लॉरेन्स लेसिग यांनी २००४ मध्ये अनुत्तरित संदेशांबाबत ‘ई-मेल दिवाळखोरी’ जाहीर केली, म्हणजे साठलेल्या जुन्या संदेशांना उत्तर देणे शक्य नसल्याचे पाठवणाऱ्यांना कळवले.

पाठवणाऱ्याची जबाबदारी

एका ई-मेलमध्ये एकच विषय ठेवणे, अपेक्षित कृती व मुदत पहिल्या वाक्यांत सांगणे आणि आवश्यक त्यांनाच प्रत पाठवणे यामुळे प्राप्तकर्त्याचे काम हलके होते. ‘माहिती हवी’ या विषयओळीतून काहीच कळत नाही. ‘तिसऱ्या सत्राच्या शुल्काची पावती – शुक्रवारपर्यंत हवी’ ही ओळ वाचताच संदेशाचे महत्त्व ठरवता येते आणि तो पुढे शोधणेही सोपे जाते.

तांत्रिक उपाय

पॉल ग्रॅहम यांच्या २००२ मधील लेखानंतर शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखणाऱ्या गाळण्या लोकप्रिय झाल्या. जीमेलने २०१० मध्ये महत्त्वाचे संदेश वेगळे दाखवण्याची आणि २०१३ मध्ये जाहिराती व सूचना स्वतंत्र विभागांत टाकण्याची सोय दिली. अशा गाळण्या चुकू शकतात. म्हणून महत्त्वाच्या उत्तराची वाट पाहताना स्पॅमचा कप्पाही तपासणे हिताचे असते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ई-मेल पाठवणाऱ्यांना पत्त्याची सत्यता पटवणे आणि जाहिरातपर संदेशांत एका क्लिकमध्ये वर्गणी रद्द करण्याची सोय देणे बंधनकारक केले.

संस्था आणि कायदे

जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीने २०११ मध्ये काही कर्मचाऱ्यांच्या फोनवर कामाच्या वेळेनंतर ई-मेल पोहोचवणे थांबवले. अ‍ॅटोस या फ्रेंच कंपनीने २०११ मध्ये तीन वर्षांत अंतर्गत ई-मेल शून्यावर आणण्याचे जाहीर केले. त्याचे प्रमाण बरेच घटले, परंतु ते शून्यावर आले नाही.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काविषयी कर्मचारी प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात असा हक्क २६ ऑगस्ट २०२४ पासून लागू होऊ लागला. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

आधुनिक संवादातील स्थान

तत्काळ संदेशवहनाची साधने आल्यावर ई-मेल लोप पावेल, असे भाकीत अनेकदा केले गेले. मित्र-कुटुंबातील गप्पा आणि कार्यालयातील झटपट विचारपूस मोठ्या प्रमाणावर तिकडे गेली. तरीही रॅडिकाटी ग्रुप या संस्थेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात चारशे कोटींहून अधिक लोक ई-मेल वापरत होते.

याचे एक कारण त्याची खुली रचना हे आहे. व्हॉट्सॲपसारख्या सेवा एकेका कंपनीच्या नियंत्रणाखाली असतात. ई-मेलचे नियम खुले असल्याने एका कंपनीच्या पत्त्यावरून दुसऱ्या कंपनीच्या किंवा विद्यापीठाच्या पत्त्यावर संदेश जातो. शिवाय ई-मेल पत्ता ही महाजालावरील ओळख झाली आहे. इतर सेवांचे खाते उघडण्यासाठी आणि हरवलेले खाते परत मिळवण्यासाठी तो मागितला जातो.

दुसरे कारण नोंदीचे आहे. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता दिली. ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ई-मेलद्वारे प्रस्ताव व स्वीकृती झाल्यावर, औपचारिक करारपत्रावर सह्या झालेल्या नसल्या तरी करार अस्तित्वात येऊ शकतो, असा निर्णय दिला. म्हणून नियुक्तिपत्र, निविदा, तक्रार किंवा राजीनामा यांसाठी गप्पांच्या खिडकीपेक्षा ई-मेल अधिक भरवशाचा मानला जातो.

ई-मेल पत्ते दीर्घकाळ केवळ रोमन लिपीत शक्य होते. २०१२ मध्ये इतर लिपींतील पत्त्यांचे नियम निश्चित झाले आणि २०१४ मध्ये देवनागरी लिपीतील ‘.भारत’ हे डोमेन सुरू झाले. त्यामुळे मराठीतून संपूर्ण पत्ता लिहिणे तांत्रिकदृष्ट्या शक्य झाले आहे. मात्र अनेक संकेतस्थळांचे अर्ज असे पत्ते स्वीकारत नसल्याने त्यांचा वापर मर्यादित आहे.

हे सुद्धा पहा

- ई-मेल
- स्पॅम
- अर्पानेट
- माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
- वेळेचे व्यवस्थापन