सरकत्या उष्णतास्रोताविषयी काही प्रचलित गैरसमज

वेल्डिंगचा आर्क जाड पोलादी प्लेटवरून एकसारख्या वेगाने पुढे जात असता प्लेटमधील तापमानाचे गणित संगणकावर मांडणाऱ्यांपैकी पुष्कळांची अशी समजूत असते की, स्रोत ज्याअर्थी चालता आहे त्याअर्थी गणितानेही क्षणोक्षणी त्याचा पाठलाग केलाच पाहिजे. वस्तुतः डॅनियल रोझेंथाल यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या पाठलागातून सुटण्याचा मार्ग दाखवून ठेवला आहे: अंतरे प्लेटच्या कडेपासून न मोजता आर्कपासून मोजावीत, म्हणजे जोड पुरेसा लांब असल्यास, त्याच्या दोन्ही टोकांपासून दूर, काळाचा संबंधच समीकरणातून नाहीसा होतो.

मग पोलाद तापते आणि निवते कधी, असे कोणी विचारतात. ही स्थिरता आर्कबरोबर प्रवास करणाऱ्या निरीक्षकापुरतीच खरी. प्लेटवरील खडूची खूण मात्र त्याच स्थिर चित्रातून पुढून मागे सरकत जाते, आणि त्या वाटेवरील तापमानाचा उतार गुणिले आर्कचा वेग हाच तिचा निवण्याचा दर होय.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा भासतो: नव्या समीकरणात अभिसरणासारखे एक पद दाखल होते, तेव्हा घन पोलाद वाहते असे मानावयाचे काय? मुळीच नाही. निरीक्षकासमोरून जाणारा धातू आपली उष्णता सोबत नेतो, एवढ्याच बाबीची ती जमाखर्चातील नोंद आहे. वितळलेल्या धातूत पृष्ठताणामुळे जे भोवरे उठतात, त्यांचा हिशेब निराळाच मांडावा लागतो.

सर्वांत चिवट समजूत मात्र ही की, आर्कच्या पुढे व मागे उष्णता सारखीच पसरते. वेग सेकंदाला ५ मिलिमीटर आणि पोलादाचा उष्णताविसरण गुणांक ढोबळमानाने सेकंदाला १० चौरस मिलिमीटर धरला, तर रोझेंथाल यांच्या सूत्रानुसार १० मिलिमीटर पुढील तापमानवाढ तितक्याच अंतरावर नेमक्या मागे होणाऱ्या वाढीच्या जेमतेम दीडशेवा हिस्सा भरते. त्याहून नवल असे की, आर्कची शक्ती तीच ठेवून वेग दुप्पट केला तरी जोडाच्या रेषेवर मागे ठरावीक अंतरावरील तापमान कायम राहते. दुप्पट होतो तो तेथील निवण्याचा दर, आणि जोडाशेजारचे पोलाद ठिसूळ होण्याची भीती त्यातूनच उद्भवते. रेषेच्या बाजूचा बिंदू तर आर्क शेजारी आल्यावर नव्हे, तो पुढे निघून गेल्यावरच कमाल तापमान गाठतो.

या सूत्रात स्रोत बिंदुरूप असल्यामुळे खुद्द आर्कखाली तापमान अनंत येते. ती आपत्ती टाळावयाची, तर गोल्डाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली मांडलेला, पुढचा व मागचा असे दोन असमान अंडाकृती भाग असलेला स्रोत घ्यावा.

राहिली गोष्ट जाळीची. तिचे घर १० मिलिमीटरचे ठेवले, तर वेग गुणिले घराची लांबी भागिले विसरण गुणांक हे गुणोत्तर ५ येते, आणि ते २ च्या वर गेले की साध्या मध्य-भेद पद्धतीत आर्कपुढची प्लेट खोलीतील हवेहूनही थंड दिसू लागते. असे चित्र पाहून नाहक भौतिकीवर संशय घेऊ नये. आर्कच्या आसपास घर १ मिलिमीटरचे करावे, म्हणजे गुणोत्तर ०.५ वर उतरते.