शर्टच्या खिशातला प्रोग्रॅम

तुमच्या पाकिटात आत्ता किती कार्डं आहेत? एटीएम, क्रेडिट, ऑफिसचं आयडी... जुन्या कार्डांमागची काळी पट्टी आठवते ना? एके काळी इंजिनिअर मंडळी अशाच पट्टीवर स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम खिशात घालून फिरायची. आणि ते चालायचे चक्क कॅल्क्युलेटरवर!

आपल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली १९६५ साली. त्याच वर्षी इटलीच्या ऑलिव्हेट्टी कंपनीनं न्यूयॉर्कमध्ये ‘प्रोग्रामा १०१’ लोकांसमोर आणलं. किंमत ३,२०० डॉलर, पण तेव्हाचे कॉम्प्युटर अख्खी खोली अडवायचे आणि हे टेबलावर मावायचं. पिअर जॉर्जो पेरोत्तो आणि टीमची खरी कमाल म्हणजे मॅग्नेटिक कार्ड. स्टेप्स एकदाच भरायच्या. पुढच्या वेळी कार्ड सरकवा, आकडे द्या, उत्तर कागदाच्या पट्टीवर छापून हजर. अपोलो ११च्या तयारीत नासानंही ही यंत्रं वापरली. एचपीनं १९६८मध्ये ९१००ए काढलं, तेव्हा ऑलिव्हेट्टीच्या पेटंटपोटी सुमारे ९ लाख डॉलर मोजावे लागले.

१९७४चा एचपी-६५ तर हातात मावणारा. च्युइंग गमच्या पट्टीएवढं कार्ड, त्यात १०० स्टेप्स. आत सरकवलेलं कार्ड बटणांच्या बरोबर वर बसायचं. कुठलं बटण काय करतं, ते त्यावरच पेनानं लिहायचं. प्रोग्रॅम चुकून पुसला जाऊ नये म्हणून? कात्रीनं कोपरा उडवायचा! १९७६मध्ये आला टेबलावरचा, प्रिंटरवाला एचपी-९७.

आता कामाचं. घरात कुणी रिटायर्ड इंजिनिअर काका-आजोबा असतील आणि त्यांच्या कपाटात असलं यंत्र सापडलं, तर उत्साहात कार्ड घालू नका. कार्डावरचा प्रोग्रॅम बऱ्याचदा शाबूत असतो. वाट लागते ती कार्ड ओढणाऱ्या रबरी चाकाची. इतक्या वर्षांत त्याचा अक्षरशः चिकट डिंक होतो आणि तो कार्डाला फासला जातो. हौशी मंडळी ते चाक काढून रबरी नळीचा तुकडा बसवतात. बॅटरी मेलेली असेल तर नुसता चार्जरही लावायचा नाही, आतलं सर्किट उडू शकतं. कार्डं स्पीकर आणि चुंबकापासून लांब ठेवा. आणि हो, त्यांच्यावरची पेनाची अक्षरं साफ करत बसू नका. तो हिशोब कसला होता, ते बहुधा तेवढ्यावरूनच कळणार असतं.