समुद्राचं पाणी गोड कसं होतं?

दोस्तांनो, नकाशात इराणच्या आखाताचं वरचं टोक शोधा. तिथे चिमुकला कुवेत देश दिसेल. बाराही महिने वाहणारी एकही नदी तिथे नाही आणि पाऊस नावापुरताच. समोर अथांग समुद्र आहे, पण त्याच्या लिटरभर पाण्यात सुमारे 40 ग्रॅम मीठ! ते शरीराबाहेर टाकायला प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी खर्ची पडतं. म्हणजे जितकं प्याल, तितकी तहान वाढणार.

मग पूर्वी लोक काय करायचे? शत अल-अरब नदीचं पाणी लाकडी गलबतांतून यायचं आणि पखालींतून, गाढवांच्या पाठीवरून घरोघर पोचायचं. गलबतं वेळेवर आली नाहीत, की गावाच्या तोंडचं पाणी पळायचं!

1953 साली कुवेतने समुद्राचं पाणी गोड करायचा मोठा कारखाना सुरू केला. पाणी तापवलं की वाफ वर जाते, मीठ खालीच राहतं. आमटीच्या झाकणाला आतून लागलेले थेंबही असेच अळणी असतात. पण अख्ख्या शहरासाठी पाणी उकळायचं तर केवढं इंधन लागेल?

खरी गंमत इथेच आहे. हवेचा दाब कमी असला, की पाणी 100 अंशांच्या आधीच उकळतं. एव्हरेस्टच्या माथ्यावर तर 70 अंशांच्या आसपासच! म्हणून पुढे अशा कारखान्यांत ओळीने बंद कप्पे बांधले. प्रत्येक कप्प्यात आधीच्यापेक्षा कमी दाब. गरम पाणी पुढच्या कप्प्यात शिरलं, की नवी आच न देताही भस्सकन वाफ होते. वर थंड समुद्रपाण्याच्या नळ्या असतात. त्यांना लागून वाफेचे थेंब होतात आणि पन्हळीत पडतात. नळ्यांतलं पाणी मात्र वाफेमुळे आयतंच तापतं आणि तेच पुढे उकळायला जातं. आहे की नाही हुशारी?

हे पाणी इतकं शुद्ध, की बेचव लागतं! म्हणून त्यात जमिनीखालचं थोडं मचूळ पाणी मिसळतात. एवढी हुशारी करूनही इंधन भरपूर जळतं आणि उरलेलं जास्तच खारट पाणी समुद्रात सोडलं, की तिथल्या जिवांना त्रास होतो.

तुम्हीही करून बघा. पसरट भांड्यात मिठाचं पाणी घ्या, मधोमध रिकामी वाटी ठेवा. वर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधा आणि वाटीच्या बरोब्बर वर कागदावर एक खडा ठेवा. भांडं दिवसभर कडक उन्हात राहू द्या. संध्याकाळी वाटीतलं पाणी चाखा आणि मोजाही. तेवढ्याशा पाण्यासाठी सूर्याला किती राबावं लागलं, ते वहीत लिहा. नळ सोडून ठेवायला मग तुमचा हात धजणार नाही.